शनिवार

युद्ध थांबलं तेव्हा बर्फाच्या कारखान्यात
गंजलेले रिकामे साचे तेवढे उरले होते.
कॉम्प्रेसर गेला. मोटर गेली. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा.
तांब्याच्या नळ्या भिंतीतून ओढून नेलेल्या,
शिजल्या मासळीतून काटा ओढावा तशा.
मागे प्लास्टरमध्ये लांबच लांब खाचा.

लायबेरियातल्या त्या बंदरात, बुकॅननला,
मासळी दुपारपर्यंतच मासळी असायची.
फांटी कोळी पहाटे होड्या लावत.
दहाला भाव निम्मा,
बाराला मागाल ती किंमत,
दोनला वाळूत खड्डा.

गार्माईनं आधी भिशी उचलली.
अकरा बायकांची भिशी. कुणी कसावाचं पीठ विकायची,
कुणी साबणाची वडी कापून चतकोर विकायची,
एक नुसत्या वेण्या घालायची.
पहिला नंबर मला द्या, ती म्हणाली, मला थंडी विकत घ्यायचीय.
बायका हसल्या, पण दिला.
(गार्माई. माझ्या भाषेत ऐकलं तर हे नाव
बर्फ विकण्यासाठीच ठेवल्यासारखं.
तिला ते ठाऊक नाही, मीही सांगितलं नाही.)

मोनरोव्हियाहून साहेब आले, पाण्याची बाटली स्वतःची घेऊन.
खासगी उद्योग हेच देशाच्या उभारणीचं इंजिन, म्हणाले.
तिनं विचारलं, इंजिनात डिझेल कोण घालणार?
त्यांनी ते लिहून घेतलं.
पुन्हा आले नाहीत.

मग टार्नू आला, डावा पाय ओढत, काम मागायला.
नळ्या कुठून कुठे जायच्या ते मला माहीत आहे, म्हणाला.
तुला कसं माहीत?
तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.
जनरेटर बंद होता. समुद्र ऐकू येत होता.
त्या रात्री इथल्या वॉचमनचं काय झालं,
हे तिनं विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.
वॉचमन तिचा मामा होता.

रोजावर ठेवलं त्याला. महिन्यावर नाही.
जेवायला तो बाहेर दगडावर, ती आत बाकावर.
खाचांवरून बोट फिरवत फिरवत
त्यानं नव्या नळ्या जुन्याच वाटेनं नेल्या.
एक सांधा गळला नाही.
चोराइतकं घर कुणाला पाठ असतं?

पहिली लादी निघाली ती दुधी, मधोमध तडकलेली.
पोरांनी कपच्या चाटल्या आणि दात धरून पळाली.
कोबिना कोळी पुढे झाला, दोन लाद्या उचलल्या,
म्हणाला, पैसे शनिवारी देतो.

रांग गप्प झाली.
चौदा वर्षं त्या गावात कुणी
शनिवारच्या भरवशावर काही मागितलं नव्हतं.
रोख दे नाहीतर चालू लाग.
रोख म्हणजे तांदूळ, रोख म्हणजे बायकोच्या कानातलं,
रोख म्हणजे कधी कधी समोरच्याच्या खांद्यावरची बंदूक.
शनिवारी होडी असेल का, होडीत माणूस असेल का,
कुणी सांगावं?

गार्माईनं शाळेची चौकटीची वही उघडली.
कोबिना. दोन लाद्या. शनिवार.

शनिवारी तो आला नाही.
सोमवारी आला. निम्मे पैसे आणले,
उरलेल्यांची तांबोशी, डोळे अजून चकचकीत.
तिनं शनिवार खोडून सोमवार लिहिलं.
खोडलेलंही वाचता येतं.

आता वहीत चाळीस नावं. सात बुडवी.
भिशीचे दोन हप्ते थकलेत, वेण्या घालणारी रोज दारात येऊन बसते,
काही बोलत नाही, नुसती बसते,
आणि डिझेल पुन्हा महागलंय.

काल संध्याकाळी तिनं टार्नूपुढे रोजाचे पैसे धरले.
त्यानं हात मागे घेतला.
आज नको, म्हणाला. लिहून ठेव.
महिन्याअखेर एकदम दे.

ती पेन हातात घेऊन बसून राहिली.
दाराखालून लादीचं पाणी रस्त्याकडे वाहत होतं.
जनरेटर चालू होता.
समुद्र ऐकू येत नव्हता.